४२९४९६७२९७ : वही-पेन घेऊन एक दांडगा आकडा फोडायचा कसा

दहा आकडी नंबर दिसला की आधी मोबाईल नंबरच वाटतो, पण ४ नं सुरू होणारा मोबाईल नंबर आपल्याकडे नसतो, त्यामुळे कॉल लावायला जाऊ नका. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. हा आकडा मूळ आहे (म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही) असं फर्मासारख्या माणसाला (सतराव्या शतकातला नामी फ्रेंच गणिती) वाटत होतं, आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं ते कोणाला खोटं पाडता आलं नाही. आज आपण ते एका दुपारी करणार आहोत, हातानं.

मी हे मागच्या पावसाळ्यात नववीतल्या भाच्याला घेऊन केलं, लाईट गेली होती, वायफाय बंद, पोरगं कंटाळलेलं. सामान म्हणजे एक रफ वही, पेन आणि कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर १२ आकडी घ्या, किराणा दुकानात असतो तसला, ८ आकडीवर हा आकडाच बसत नाही. मोबाईलमधला चालेल पण मधेच मेसेज बघायचा मोह होतो, म्हणून मी दुकानवालाच घेतो. दीड-दोन तास धरा.

पायरी १ : आकडा आधी स्वतः तयार करा

हे टाळू नका, कारण आकडा कुठून आला हे माहीत नसेल तर पुढची सगळी युक्ती हवेत राहते. २ लिहा. त्याचा वर्ग ४. त्याचा वर्ग १६. मग २५६, मग ६५५३६. आता ६५५३६ चा वर्ग, हा एक हातानं करून बघाच: ६५००० चा वर्ग ४२२५००००००, मग २ × ६५००० × ५३६ म्हणजे ६९६८००००, आणि ५३६ चा वर्ग २८७२९६. तिन्हींची बेरीज ४२९४९६७२९६. म्हणजे २ ला २ नं असं गुणत गेलो की बत्तिसाव्या घाताला हा येतो. त्यात १ मिळवा, झाला आपला आकडा.

आता ह्या रांगेतल्या प्रत्येकात १ मिळवून बघा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. सगळे मूळ. फर्मानं १६४० मधे हे बघितलं आणि पुढचेही सगळे मूळच असणार असं त्याला वाटलं, पत्रांतून तसं लिहिलंही, सिद्धता मात्र आपल्याकडे नाही हेही कबूल केलं. पाचही आकडे मूळ निघाल्यावर सहाव्यावर संशय कोण घेणार!

पायरी २ : स्वस्तातल्या कसोट्या

कुठलाही मोठा आकडा हातात आला की आधी ह्या कराव्यात, पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक आकडे इथेच गळतात.

शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. आकड्यांची बेरीज ५९, पुन्हा बेरीज १४, पुन्हा ५. म्हणजे ९ नं भागलं तर बाकी ५, ३ नं भागलं तर बाकी २. तीही बाद.

"मामा, ७ नं भागून बघू?" भाचा लगेच भागाकार मांडायला बसला. थांब म्हटलं, ७, ११ आणि १३ तिन्ही एका फटक्यात होतात. आकड्याचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडायचे, (आपला लाख-कोटीवाला स्वल्पविराम इथे कामाचा नाही, बँकेच्या डॉलरवाल्या स्टेटमेंटसारखा पाडायचा) म्हणजे ४ | २९४ | ९६७ | २९७. उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. आता फक्त ३८० बघायचं. ७ × ५४ = ३७८, उरले २. ११ × ३४ = ३७४, उरले ६. १३ × २९ = ३७७, उरले ३. एकालाही पूर्ण भाग गेला नाही, तिघेही बाद. हे चालतं कारण ७ × ११ × १३ = १००१, आणि १००० हे १००१ पेक्षा बरोबर एकनं कमी.

दोन-दोनचे गट पाडले तर आणखी एक मिळतं. ४२, ९४, ९६, ७२, ९७, ह्यांची नुसती बेरीज ४०१, ती ९९ नं भागून बाकी ५, म्हणजे ९ आणि ११ दोन्हींची बाकी ५, ताळा झाला (वर ११ ला ६ उरले ते −३८० चे, म्हणजे −६, आणि ११ − ६ = ५). एकाआड एक चिन्ह बदललं तर ६९ येतं, म्हणजे १०१ नंही भाग जात नाही. हे शाळेत शिकवत नाहीत, का नाही शिकवत देव जाणे, मला तर सातच्या पाढ्यापेक्षा सोपं वाटतं.

पायरी ३ : किती लांब जायचं त्याचा हिशोब

आता प्रश्न असा की १७, १९, २३ असं करत कुठवर भागत बसायचं. नियम साधा आहे, वर्गमुळापर्यंत. आपल्या आकड्याचं वर्गमूळ ६५५३६ च्या केसभर पुढे, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या. त्या आहेत ६५४२. एका भागाकाराला एक मिनिट धरलं तरी १०९ तास, न जेवता न झोपता. भाच्यानं पेन खाली ठेवलं.

इथेच बहुतेक लोक सोडून देतात, आणि फर्माही बहुधा इथेच थांबला असावा (हा माझा अंदाज). पण खरी मजा इथून सुरू होते, कारण हा आकडा कुठला तरी ऐरागैरा नाही, तो २ च्या घातात १ मिळवून झालाय, आणि त्यामुळे त्याला कोण भाग देऊ शकतो ह्यावर कडक अट येते.

पायरी ४ : चाळणी लावा

अट समजून घ्यायला आधी छोट्या १७ वर खेळू. १ पासून दुप्पट करत जा, आणि १७ च्या वर गेलं की १७ नं भागून फक्त बाकी ठेवा: १, २, ४, ८, १६, मग ३२ ची बाकी १५, मग १३, मग ९, मग १८ ची बाकी १, आणि परत तेच चक्र. आठ पावलांत फेरी पूर्ण. त्यात चौथ्या पावलावर १६ आलं, म्हणजे १७ ला एक कमी, त्याला आपण −१ म्हणू. −१ आलं की तेवढीच पावलं अजून टाकली की १ येणारच, कारण −१ × −१ = १.

आता समजा कुठली तरी मूळ संख्या प आपल्या दांडग्या आकड्याला भागते. मग ३२ व्या पावलावर बाकी −१ असणार (कारण २ चा ३२ वा घात अधिक १ ला प नं पूर्ण भाग जातो), आणि ६४ व्या पावलावर १. म्हणजे चक्राची लांबी ६४ ला भागणारी, पण ३२ ला न भागणारी. अशी एकच लांबी आहे, ६४ स्वतः.

आणि दुसरीकडे फर्माचाच एक नियम सांगतो की (प − १) व्या पावलावर बाकी १ असतेच, म्हणजे प − १ मधे ही ६४ ची फेरी पूर्ण पूर्ण बसली पाहिजे. म्हणून प ही ६४ च्या पाढ्यातल्या आकड्यात १ मिळवून झालेलीच हवी, दुसरी नाही. गंमत बघा, फर्माचा दावा ज्या हत्यारानं पडला ते हत्यारही त्याचंच, आणि १६४० सालचंच.

तर ६४ चा पाढा म्हणा आणि १ मिळवा:

६५ (५ नं जातो), १२९ (३ × ४३), १९३ मूळ, २५७ मूळ, ३२१ (३ नं जातो), ३८५ (५ नं), ४४९ मूळ, ५१३ (३ नं), ५७७ मूळ, ६४१ मूळ.

१०९ तासांची यादी होती, आता पहिल्या दहात फक्त पाच नावं उरली.

ही चाळणी ऑयलर ह्या स्विस गणितीची. गोल्डबाख ह्या दुसऱ्या गणितीनं १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ऑयलरला फर्माच्या ह्या म्हणण्याबद्दल विचारलं, आणि १७३२ मधे सेंट पीटर्सबर्गला असताना पंचविशीतल्या ऑयलरनं अवयव दाखवून दिला. चाळणी का चालते ते त्यानं पुढच्या एका निबंधात मांडलं. नंतर १८७८ मधे ल्युका ह्या फ्रेंच गणितीनं दाखवलं की इथे ६४ नाही तर १२८ चाच पाढा पुरतो. तसं केलं तर वरच्या पाचातले २५७ आणि ६४१ दोनच उरतात, पण आपण पाचही करू, सवय होते.

पायरी ५ : पाच गणितं

दहा आकडी भागाकार पाच वेळा करायचा नाहीये. २ चा ३२ वा घात म्हणजे ६५५३६ चा वर्ग, मग आधी ६५५३६ ची बाकी काढा, त्या बाकीचा वर्ग करा, परत बाकी काढा, १ मिळवा. ० किंवा भाजकच आला तर सापडला. वर्ग करत करत मोठ्या घाताला पटकन पोचायची ही आयडिया आपल्याकडे फार जुनी आहे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूचे प्रकार मोजायला, म्हणजे २ चे घात काढायला, अर्ध करा, वर्ग करा, दुप्पट करा असली कृती दिलीय.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची पद्धत: ६५५३६ ला १९३ नं भागा, ३३९ पॉइंट काहीतरी येतं, पॉइंटनंतरचं विसरा, ३३९ × १९३ = ६५४२७, ते ६५५३६ मधून वजा, बाकी १०९. पॉइंटनंतरचा भाग परत गुणायला जाऊ नका, शेवटचा आकडा हमखास चुकतो.

१९३ : बाकी १०९, वर्ग ११८८१, बाकी १०८, अधिक १ म्हणजे १०९. नाही.

२५७ : २५६ म्हणजे −१, वर्ग केला की १, परत वर्ग १, अधिक १ म्हणजे २. नाही. (हा २ लक्षात ठेवा, पुढे काम आहे.)

४४९ : ४४९ × १४५ = ६५१०५, बाकी ४३१, म्हणजे −१८. बाकी भाजकाच्या जवळ आली की अशी वजा करून घ्या, वर्ग सोपा होतो. ३२४, अधिक १, ३२५. नाही.

५७७ : बाकी ३३५, वर्ग ११२२२५, बाकी २८७, अधिक १, २८८. नाही.

६४१ : ६४१ × १०२ = ६५३८२, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६. आता ६४१ × ३७ करा.

भाच्यानं केलं. २३७१७ आलं. त्यानं परत केलं. परत २३७१७. म्हणजे २३७१६ हे बरोबर एकनं कमी, बाकी −१, आणि त्यात आपला १ मिळवला की शून्य. पोरगं उठून उभंच राहिलं, मीही जरा राहिलो, खोटं कशाला बोलू.

पायरी ६ : दुसरा तुकडा, आणि ताळ्याचा घोटाळा

४२९४९६७२९७ ÷ ६४१ = ६७००४१७. गुणून खात्री करा: ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००, × ४० = २६८०१६६८०, × १ = ६७००४१७. बेरीज ४२९४९६७२९७, बरोबर.

इथे मी काय केलं ते सांगतो. वहीत उतरवताना मी ६७००४७१ लिहिलं, ४ नंतरचे दोन आकडे उलटे. मग ऐटीत नवाचा ताळा केला: ६४१ ची बेरीज ११, म्हणजे २. ६७००४७१ ची बेरीज २५, म्हणजे ७. २ × ७ = १४ = ५, आणि मोठ्या आकड्याचेही ५. ताळा जमला! आणि पुढची सगळी गणितं त्या चुकीच्या आकड्यावर अर्धा तास चालली. नवाचा ताळा आकड्यांची अदलाबदल पकडत नाही, बेरीज तीच राहते ना. म्हणून बरोबर अकराचाही करा, म्हणजे उजवीकडून अधिक-वजा-अधिक-वजा. ६४१ : १ − ४ + ६ = ३. ६७००४१७ : ७ − १ + ४ − ० + ० − ७ + ६ = ९. ३ × ९ = २७, अकरानं भागून बाकी ५, आणि मोठ्या आकड्याची अकराची बाकी आपण वर काढलीय, ५. जमलं. माझ्या उलट्या आकड्यात ९ च्या जागी −३, म्हणजे ११ मिळवून ८ आलं असतं, ३ × ८ = २४, बाकी २, तिथेच पकडलो गेलो असतो.

आता ६७००४१७ अजून फुटतो का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. त्याला भागणारी मूळ संख्या आपल्या मोठ्या आकड्यालाही भागणार, म्हणजे चाळणी तीच. इथे ल्युकाचा १२८ चा पाढा घ्या, ऑयलरचा घेतला तरी चालेल पण काम दुप्पट. २५८८ पर्यंत १२८ चा पाढा वीस वेळा, प्रत्येकात १. ३, ५ नं जाणारे उडवले, शिवाय १५३७ (२९ × ५३), १७९३ (११ × १६३), १९२१ (१७ × ११३), २१७७ (७ × ३११), २५६१ (१३ × १९७) हे फसवे आहेत, मूळ वाटतात पण नाहीत. उरतात २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ आहे, काम फत्ते.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. दोनच मूळ अवयव.

अमेरिकेतला झेरा कोलबर्न नावाचा आठेक वर्षांचा मुलगा १८१२ च्या सुमारास लंडनमधे तोंडी हिशोबाचे खेळ करून दाखवायचा, त्याला हाच आकडा घातला तर त्यानं अवयव तोंडी सांगितले असं सांगतात. आपल्याला वही लागली, चालायचंच.

पायरी ७ : कॅल्क्युलेटर न वापरता, चार ओळींत

६४१ सापडल्यावर तो दोन प्रकारे लिहून बघा. ६४१ = ५ × १२८ + १. आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात.

पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × १२८ म्हणजे −१. दोन्हींचा चौथा घात करा, ५ चा चौथा घात × २ चा २८ वा घात म्हणजे १. दुसऱ्यावरून, ५ चा चौथा घात म्हणजे उणे २ चा चौथा घात. तो तिथे घाला, उणे २ चा ३२ वा घात म्हणजे १. संपलं, २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे शून्य. एकही मोठा गुणाकार नाही. हे मी रिक्षात बसल्या बसल्या मनात करू शकतो आता, आणि करतोही.

पायरी ८ : ब्रह्मगुप्ताला बोलवा

सगळ्यात भारी भाग हा आहे, आणि बहुतेक लेखांत हा गाळतात. आपला आकडा म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे आयतंच आहे. पण दोन्ही तुकडेसुद्धा दोन वर्गांची बेरीज आहेत: ६४१ = २५ चा वर्ग + ४ चा वर्ग (६२५ + १६), आणि ६७००४१७ = २५५६ चा वर्ग + ४०९ चा वर्ग (६५३३१३६ + १६७२८१).

इसवी सन ६२८ मधे ब्रह्मगुप्तानं दिलेल्या 'भावना' ह्या नियमातून हे निघतं की दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार केला तर उत्तरही दोन वर्गांचीच बेरीज असतं, आणि तेही दोन प्रकारे. करायचं काय, तर चार गुणाकार:

२५ × २५५६ = ६३९००
४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५
४ × २५५६ = १०२२४

पहिल्या दोघांची बेरीज ६५५३६. खालच्या दोघांची वजाबाकी १. आला आपला जुना जोडीदार! आता उलट करा, वरच्यांची वजाबाकी ६२२६४, खालच्यांची बेरीज २०४४९. म्हणजे

४२९४९६७२९७ = ६५५३६ चा वर्ग + १ चा वर्ग = ६२२६४ चा वर्ग + २०४४९ चा वर्ग.

तपासा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१, बरोबर बसतं. आणि बोनस म्हणजे २०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे. १०२२५ आणि १०२२४ मधला तो एकाचा फरक बघून मला अजूनही जरा कसंतरीच होतं.

हेच उलट्या दिशेनंही चालतं, आणि ऑयलरनं ते मोठे आकडे फोडायला वापरलं. समजा तुम्हाला ६४१ माहीत नाही पण दोन वर्गांच्या दोन जोड्या मिळाल्यात. मग ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८, ह्यांचा मसावि ८. तसंच ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०, मसावि ५०. दोन्हींचं अर्ध ४ आणि २५. वर्गांची बेरीज ६४१. टाळ्या!

पायरी ९ : शेजाऱ्यांकडे डोकावून या

आकड्याची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरूनही होते. एकनं मागचा ४२९४९६७२९६ म्हणजे ३२ बिटांत मावणाऱ्या वेगवेगळ्या किमतींची संख्या, इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एवढेच होते आणि जगाची लोकसंख्या त्याच्या वर, म्हणून ते पुरेनात. एवढं पुरे त्याबद्दल.

त्याच्याही मागचा ४२९४९६७२९५ जास्त मजेशीर. तो ६५५३६ चा वर्ग वजा १, म्हणजे ६५५३५ × ६५५३७. परत ६५५३५ = २५५ × २५७. २५५ = १५ × १७. १५ = ३ × ५. कांदा सोलावा तसा सुटतो: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. फर्माचे पाचही मूळ आकडे एकमेकांना गुणले की हा येतो, आणि त्यात २ मिळवले की आपला. म्हणूनच ह्या पाचांपैकी कोणीही भागलं तरी बाकी २ च येते. २५७ ला आला होता ना २, तो योगायोग नव्हता.

गाउस ह्या जर्मन गणितीनं १७९६ मधे, अठरा वर्षांचा असताना, फक्त पट्टी आणि कंपास घेऊन १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते हे दाखवलं. विषम बाजूंच्या अशा कुठल्या काढता येतात, तर ज्यांच्या बाजूंची संख्या फर्माच्या मूळ आकड्यांचा (प्रत्येक एकदाच घेऊन) गुणाकार असेल त्याच. दुसऱ्या कुठल्याच नाहीत ह्याची पूर्ण सिद्धता १८३७ मधे वांत्झेल ह्या फ्रेंच गणितीनं दिली. पाच आकड्यांतून असे ३१ गुणाकार होतात, सगळ्यात मोठा अर्थातच ४२९४९६७२९५. तेवढ्या बाजू काढल्या तर ते वर्तुळच दिसेल, पण तत्त्वतः येते काढता.

आता वहीच्या नव्या पानावर मेरुप्रस्तार काढा, पास्कलचा त्रिकोण म्हणतात तो, हलायुधानं दहाव्या शतकात पिंगलावरच्या टीकेत समजावलाय. सम आकड्याच्या जागी ०, विषमाच्या जागी १ लिहा आणि ओळ बायनरी म्हणून वाचा. १ म्हणजे १. ११ म्हणजे ३. १०१ म्हणजे ५. ११११ म्हणजे १५. १०००१ म्हणजे १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७... दुसऱ्या ओळीपासून बत्तिसाव्या ओळीपर्यंत बरोब्बर तेच ३१ आकडे, चढत्या क्रमानं. बत्तिसावी ओळ म्हणजे ३२ एक्के, ४२९४९६७२९५. आणि तेहतिसावी? दोन टोकांना १, मधे ३१ शून्यं. तो आपला ४२९४९६७२९७, आणि बरोबर तिथेच हा पॅटर्न मोडतो, कारण त्याच्या पोटात ६४१ बसलाय.

पुढचा आकडा करायचा असेल तर

४२९४९६७२९६ चा वर्ग अधिक १ म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या गोष्टीतल्या उत्तरापेक्षा दोननं जास्त. एक्सेलमधे टाकू नका, ते १५ आकड्यांनंतर सगळी शून्यं करून टाकतं आणि सांगतही नाही. पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) चालेल. पद्धत तीच, फक्त पाढा २५६ चा, कारण ल्युकाचा नियम एक पायरी पुढे सरकतो. ह्याचा छोटा अवयव २७४१७७, मोठा ६७२८०४२१३१०७२१. फ्रान्समधल्या लांद्रीनं १८८० मधे वयाच्या ८२ व्या वर्षी हे फोडून जाहीर केलं. त्यापुढचा ३९ आकडी १९७० मधे कॉम्प्युटरनं फुटला. फर्माच्या यादीत ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ सापडलेला नाही, आणि काही आकडे तर असे आहेत की ते संयुक्त (म्हणजे मूळ नसलेले) आहेत हे पक्कं ठाऊक, पण एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नाही.

२५६ च्या पाढ्यात २७४१७७ हा १०७१ व्या जागी येतो. भाच्यानं वहीच्या मागच्या पानापासून २५६ चा पाढा लिहायला घेतलाय, परवा फोनवर विचारलं तर ४० पर्यंत आला होता. १०७१ चं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.